आजची पालकांची भेट

आज ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांच्या आमच्या गटात एक आई पहिल्यांदाच आली होती. लेकाचं ऑटिझमचं निदान नुकतंच झालेलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं, पण "होईल सगळं नीट" असं कुणी म्हटलं नाही, फक्त पाणी पुढे केलं. मग एका बाबांनी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली: दात घासणं, कपडे, बूट, शाळा. काम झालं की कार्ड उलटं करायचं. पुढे काय होणार ते डोळ्यांना दिसलं की मुलांची घालमेल कमी होते. मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, हा हट्ट नव्हे, हेही मला अशाच एका ताईंनी समजावलं होतं.

आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होत नाही, हे तिला आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगायलाच हवं, घरचे नेमकं उलटं ऐकवत असतात. निघताना तिने माझा नंबर घेतला. रात्री उशिरा असला तरी फोन कर, म्हटलंय.