भाकरीचं पाणी

भाकरीला पाणी लागतं ते तीनदा. पीठ मळायला कढत, थापताना हाताला जरासं, आणि तव्यावर टाकली की वरच्या अंगाला फिरवायला. हे शेवटचं पुरतं वाळायच्या आत उलटली नाही, तर भाकरीला भेगा पडतात आणि पापुद्रा काही सुटत नाही. या बाबतीत भाकरी भारी मानी. रानातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मात्र पाण्यासाठी असा अडून बसत नाही.

सोलापूर-मंगळवेढ्याकडे काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर तो पेरतात. पुढे पाऊस आला तर आला, नाही तर जमिनीत मुरलेली ओल आणि थंडी यांवर पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरतं. दाणा माणसाला, कडबा जनावराला. आपल्या चहातल्या दुधातही त्या कडब्याचा वाटा असतोच. मोहोळच्या संशोधन केंद्रात इंग्रजांच्या काळात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण अजून पेरलं जातं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. आता आपल्याकडे उसाच्या लागणीपासून हिशेब धरला, तर किलोभर साखरेमागे साधारण २००० लिटर पाणी जातं. म्हणजे देशभर गाजलेली ती अख्खी गाडी अडीचशे किलो साखरेची. पाच पोती! एखाद्या मोठ्या लग्नातल्या जिलेबीत आणि चहात सहज उडतील. बरं, गाडी सुटली सांगली जिल्ह्यातून, पोचली लातुरात, आणि साखर कारखान्यांची धुराडी दोन्हीकडे.

राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम पाच-सहा टक्के, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त. हे वाचून शेतकऱ्याला बोल लावणारे पुष्कळ भेटतात, बहुतेक चहाचा कप हातात धरून. ऊस लावला की दराला कायद्याचा आधार असतो, तोडायला टोळी येते, माल कारखान्यात जातो, बिल उशिरा का होईना निघतं. शाळूचं तसं नाही. कणीस भरलं की पाखरं राखा. काढणीला ताटं मुळासकट उपटा, तळहाताला फोड येईपर्यंत. या कामाला मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी मजुरी देऊन हातात काय उरेल ते बाजार समितीत गेल्यावर कळणार. माझं रान कालव्याखाली असतं तर मीही ऊसच लावला असता.

शहरात ज्वारीला सध्या बरे दिवस आहेत, हे खरं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर डाएटवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलंय. परवा एका दुकानात ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा उलटून पाहिला. घटकांच्या यादीत साखर ज्वारीच्या वर! कमी पाण्यावर आलेलं धान्य घ्यायचं आणि त्यात सगळ्यात तहानलेलं पीक कालवायचं, ही अक्कल कुणाची कोण जाणे.

मी एकट्यानं चहात अर्धा चमचा साखर कमी घातली म्हणून उजनीची पातळी वाढणार नाही, एवढं मलाही कळतं. पण रोज रात्री पोळीऐवजी भाकरी चालत असेल, तर त्या मालदांडीला गिऱ्हाईक मिळतं आणि तो उपटणाऱ्या हातांना चार पैसे. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय. आमच्या वाण्याला वाटतं, भाव ऐकून मी कुरकुर करीन. तो आधीच 'काय करणार साहेब, माल कमी येतोय' म्हणून दिलगिरीचा सूर लावतो. ज्वारी चढली की मला मनातून बरंच वाटतं, हे त्याला सांगायची सोय नाही. पुढच्या खेपेला आणखी वाढवून ठेवायचा.