तुम्ही विचारलंत म्हणून : बोटीत मुद्दाम पाणी का भरतात?

धायरीतल्या आमच्या सोसायटीत बोटीवर नोकरी केलेला मी एकटाच. त्यामुळे गणपतीच्या आरतीनंतर म्हणा, कुणाच्या बारशाला म्हणा, एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही म्हणे बोटीत स्वतःच पाणी भरून घेता? मग ती बुडत नाही?" गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी तो विचारला, पण त्यांनी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेली. त्यांनी पुढे जोडलं, "पाणी भरल्यानं बोट स्थिर होते की डळमळते, तेवढं नेमकं सांगा."

दारात उभ्या उभ्या मी म्हणालो, "दोन्ही." काकूंचं समाधान झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं. म्हणून हे सविस्तर.

मालवाहू जहाज माल भरलेला असेल असं धरून बांधलेलं असतं. माल उतरवला की ते पाण्यावर उंच उचललं जातं. पंखा अर्धा पाण्याबाहेर येतो, सुकाणूला पकड राहत नाही, उघड्या पडलेल्या भल्यामोठ्या पत्र्यावर वारा आदळतो. पूर्वी गलबतात यासाठी दगड नाहीतर वाळू भरत. जुन्या कोशांत त्या भाराला 'नीरम' असा शब्द आहे. पोलादी जहाजं आणि पंप आले तसं दगडाच्या जागी समुद्राचंच पाणी आलं. तळाच्या दुहेरी पत्र्यांमध्ये, खांद्याशी, नाकाडात, शेपटीत अशा टाक्या असतात. माल उतरतो तसं पाणी घ्यायचं, माल चढतो तसं सोडायचं. हे बॅलास्ट.

ते कमी पडलं तर काय होतं, ते २००७ च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल बंदराबाहेर दिसलं. कोळसा भरायला आलेलं 'पाशा बल्कर' हे रिकामं जहाज नांगर टाकून थांबलं होतं. वादळ आलं. वादळासाठी घ्यायचं जादा पाणी त्यानं घेतलेलं नव्हतं. वाऱ्यानं ते सरळ नॉबीज बीचवर नेऊन टेकवलं.

उलट तळाशी फारच भार झाला, तर जहाज ताठर होतं. कललं की झटक्यानं परत येतं, आणि त्या हिसक्यांनी मालाच्या साखळ्या तुटतात. म्हणजे पाणी हवं, पण बेतानं. इथवर सगळ्यांना पटतं. खरी अडचण 'अर्ध्या'ची आहे, आणि ती मला धायरीतच सगळ्यात सोपी समजावता येते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे टँकर येतात. एक टँकरवाला अर्धं पाणी आमच्या टाकीत सोडतो आणि उरलेलं पुढच्या सोसायटीत नेतो. त्याला एकदा विचारलं, की कधी जास्त जपून चालवतोस? तो म्हणाला, "अर्धा असताना. भरलेली गाडी एकजीव असते, साहेब. अर्धी झाली की पाणी वेगळं चालतं नि गाडी वेगळी." नवले पुलाच्या उतारावर वळण घेताना ते वेगळं चालणारं पाणी त्याला स्टिअरिंगमध्ये जाणवतं. आपल्याकडे याला नेमकं क्रियापद आहे: हिंदकळणं. काठोकाठ भरून झाकण लावलेली कळशी हिंदकळत नाही. रिकामीही नाही. हिंदकळते ती अर्धी.

आता काकूंसाठी थोडी भूमिती. जहाज कललं की पाण्याखालचा आकार बदलतो, पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि जहाजाला परत उभं करतो. ही परत येण्याची ताकद आम्ही 'जीएम' या अंतरानं मोजतो: जहाजाच्या गुरुत्वमध्यापासून 'मेटासेंटर' नावाच्या बिंदूपर्यंतची उंची. साधारण मालवाहू जहाजाला तो निदान १५ सेंटिमीटर हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जीएम शून्याखाली गेला तर जहाज सरळ उभं राहूच शकत नाही.

अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी काय करतं? जहाज ज्या बाजूला कलतं त्याच बाजूला तेही धावतं, आणि जणू जहाजाचं वजन वर उचलल्यासारखा परिणाम होतो. हा तोटा पाणी किती खोल आहे यावर जवळपास अवलंबून नसतो. तो असतो टाकीच्या रुंदीवर, आणि रुंदीच्या घनावर. २२ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद टाकी घ्या, जहाजाचं एकूण वजन ३६ हजार टन धरा. लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, गुणिले खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, भागिले ३६ हजार. साडेअकरा सेंटिमीटर. एका टाकीत फूटभर पाणी मोकळं फिरत असेल, तर जीएममधले साडेअकरा सेंटिमीटर गेले. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आमच्या धंद्यात अक्षरशः खरी आहे. म्हणूनच टाक्यांच्या मधोमध उभा पडदा घालतात. एक रुंद टाकी दोन अरुंद टाक्यांत विभागली, की एकूण तोटा चौथाईवर येतो.

म्हणून 'दोन्ही' म्हणालो. तळाच्या टाकीत पाणी घेणं शेवटी जहाजाला स्थिर करतं. भरत असताना मात्र आधी अस्थिर करतं. हा मधला टप्पा किती खोल असेल ते आधी काढून, मगच व्हॉल्व उघडायचा.

मी सेकंड ऑफिसर असताना न्यूझीलंडच्या टाउरंगाहून कांडल्याला पाइनचे ओंडके घेऊन येत होतो. खाली पोटात ओंडके, वर डेकवरही ओंडक्यांची भिंत. अशा जहाजाचा जीएम मुळातच बेताचा असतो. वाटेत तळाच्या टाक्यांतलं इंधन जळून तळ हलका होतो आणि डेकवरचं लाकूड पाऊस आणि लाटा पिऊन जड होतं. चीफ ऑफिसरांच्या हिशेबात त्या रात्री जीएम ४० सेंटिमीटर होता. तळाच्या दोन टाक्या, डावी आणि उजवी, भरायच्या होत्या. भरताना २३ सेंटिमीटर जातील, १७ उरतील, मग टाक्या भरल्या की पुष्कळ वाढेल. योजना कागदावर बिनचूक होती.

बारा ते चारची माझी वॉच. समुद्र शांत, फक्त लांबवरून येणारा मंद फुगवटा. पाणी घ्यायला सुरुवात होऊन थोडाच वेळ झाला होता. जहाज डावीकडे कललं आणि परत आलंच नाही. चार अंशांवर थांबलं, नुसतं टेकून बसल्यासारखं. त्या थांबण्यात एक विचित्र सैलपणा असतो. कललेलं जहाज तुम्हाला विरोध करतं. हे करत नव्हतं.

चीफ ऑफिसर धावत वर आले. माझ्या मनात आलं ते कुणाच्याही मनात येईल: डावीकडे कललंय, उजवीकडे पाणी भरू. त्यांनी माझा हात धरला. जीएम ऋण झाल्यानं जहाज कललं असेल, तर वरच्या बाजूला पाणी भरणं हा सर्वांत घातक उपाय आहे. जहाज सरळ होता होता जोरानं पलीकडे पडतं, आणि पहिल्यापेक्षा जास्त कलतं. डेकवर ओंडके असताना त्या हिसक्याला साखळ्या पुरल्या नसत्या. त्यांनी चालू असलेलं भरणं थांबवलं आणि नाकाकडची सर्वांत अरुंद टाक्यांची जोडी निवडली. आधी डावी, म्हणजे कललेल्या बाजूचीच. डोळ्यांसमोर चाराचे आठ अंश झाले. ती काठोकाठ भरल्यावर मग उजवी. जहाज हळूहळू वर आलं. मग आधीची जोडी पुन्हा सुरू केली, तीही तशीच, धीरानं. या सगळ्यात पहाट झाली.

पण हिशेबानं १७ सेंटिमीटर उरायला हवे होते. ओल्या लाकडानं काही खाल्ले म्हटलं, तरी इतके नाही. चीफ एवढंच म्हणाले, "कुठेतरी अजून पाणी आहे."

ते सांगण्याआधी काकूंचा दुसरा प्रश्न. "भरलेलं पाणी भर समुद्रात बदलता कशाला?" कारण पाण्याबरोबर जीवही प्रवास करतात. झेब्रा शिंपला १९८० च्या दशकात युरोपातून उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोचला तो बॅलास्टमधूनच, आणि तिथल्या पाणीपुरवठ्याचे पाइप त्यानं बुजवले. म्हणून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, ८ सप्टेंबर २०१७ पासून तो लागू झाला. किनाऱ्यापासून शक्यतो २०० सागरी मैल दूर, निदान २०० मीटर खोल पाण्यात, टाकीतलं ९५ टक्के पाणी बदलायचं, असा त्यातला सुरुवातीचा नियम होता. उद्देश उत्तमच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एक टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरायची, तीही मोकळ्या समुद्रात, म्हणजे जो मधला टप्पा बंदराच्या शांत पाण्यात व्हायचा तो आता लाटांमध्ये आला. आता जहाजावरच पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा रसायनांनी शुद्ध करणारी यंत्रं बसली आहेत आणि समुद्रात बदलणं मागे पडलं आहे. चढउतार करताना टाक्या भरणं आणि सोडणं मात्र राहणारच.

जुलै २००६ मध्ये 'कूगर एस' हे जपानहून अमेरिकेकडे निघालेलं मोटारवाहू जहाज अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला बॅलास्ट बदलत होतं. पोटात ४,७०३ माझदा गाड्या. बदलता बदलता ते सुमारे ६० अंश कललं. ६० अंश म्हणजे जमीन भिंत होते. सगळ्या २३ जणांना हेलिकॉप्टरनं वाचवलं. पुढे जहाज सोडवायला गेलेल्या पथकातला एक तज्ज्ञ त्या तिरप्या डेकवरून पडून मरण पावला. बहुतेक गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या, तरी कंपनीनं त्या सगळ्या मोडीत काढल्या. बातम्या गाड्यांच्याच जास्त झाल्या. मला तो माणूस आठवतो.

'गोल्डन रे'ची गोष्ट मात्र मी दर वर्गात सांगतो. मावळातल्या ज्या संस्थेत मी आता शिकवतो, तिथली विशीतली मुलं ती ऐकताना गप्प होतात. ८ सप्टेंबर २०१९, अमेरिकेतलं ब्रन्सविक बंदर. चार हजारांवर गाड्या घेऊन जहाज बाहेर पडत होतं. ना वादळ, ना टक्कर. पायलटनं, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकारानं, रोजचं वळण घेतलं आणि जहाज आडवं झालं. इंजिनाकडचे चार जण आत अडकले. पत्रा कापून दुसऱ्या दिवशी त्यांना बाहेर काढलं. चौकशीत निघालं ते असं, की स्थैर्याचं गणित करणाऱ्या संगणकात बॅलास्टचे आकडे चुकीचे भरले गेले होते. संगणक म्हणत होता जहाज ठीक आहे. तळाशी हवं तेवढं पाणी नव्हतं. त्याआधी, जानेवारी २०१५ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनजवळ 'होएग ओसाका' कललं, तिथेही टाक्यांची मापकं बिघडलेली होती आणि आकडे अंदाजानं धरले जात होते.

म्हणजे पाणी कुठे आहे यापेक्षा, ते कुठे आहे असं आपण लिहून ठेवलंय, यावर जहाज जास्त वेळा अडलेलं आहे. मुलं वर्गात सॉफ्टवेअर पटापट शिकतात. मला त्यांच्या हातात साउंडिंग रॉड द्यायचा असतो. दोरीला बांधलेला पितळी गज. डेकवरच्या नळीतून टाकीच्या तळापर्यंत सोडायचा आणि कुठवर ओला झाला ते पाहायचं. पावसात, थंडीत, ओंडक्यांच्या फटींतून चढत जाऊन. कंटाळवाणं काम आहे. त्याला पर्याय नाही.

त्या सकाळी आमच्या बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, तेच केलं. दापोलीकडचा माणूस, तीस वर्षं दर्यावर काढलेला. चीफनी त्याला सांगितलं, सगळ्या टाक्या, रिकाम्यासुद्धा. मी वही घेऊन त्याच्यामागे. चार नंबरची जोडी टाउरंगात घाईनं रिकामी केली होती आणि वहीत दोन्हींपुढे शून्य लिहिलेलं होतं. ब्रिजवरचं, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतलं, मापकही शून्यच दाखवत होतं. बोसननं गज वर ओढला, खडू लावलेल्या भागावर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. ३१ सेंटिमीटर. पलीकडची टाकी, २८. पंपाची ओढ सुटल्यावर तळाशी उरलेलं फूटभर पाणी टाउरंगापासून इकडून तिकडे फिरत होतं. २३ सेंटिमीटर जीएम आम्ही भरायला सुरुवात करण्याआधीच गेलेला होता.

आणि जहाज ते सांगत होतं. जीएम ४० असेल तर त्या रुंदीच्या जहाजाचा एक पूर्ण झोका साधारण ३५ सेकंदांचा असायला हवा. आदल्या रात्रीच्या वॉचमध्ये मी सहज मोजला होता, ५० च्या वर आला होता. समुद्र शांत होता, म्हणून मी चीफना उठवलं नाही. हे मी चीफना त्या सकाळी सांगितलं, आणि तेव्हापासून दर वर्गात सांगतो.

चीफनी वही मागून घेतली. शून्य खोडू दिलं नाही; त्यावर एक सरळ रेघ मारायला लावली, शेजारी ३१ आणि २८ लिहायला लावलं, आणि खाली वेळ घालून माझी सही घेतली. बोसन तोवर गज पुसून पाच नंबरच्या नळीकडे निघाला होता.