डिलाइटला पद्मिनीचं काय काय लागतं

गाडीचं खालचं काम बहुतेक उरकलंय, पत्र्याचं रखडलंय. गाडी १९६८ची फियाट डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पद्मिनी ही तिचीच पुढची आवृत्ती, म्हणून पद्मिनीचे सुटे भाग शोधतोय, तेही कुर्ल्यातच, सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. आता कापायला येणाऱ्या गाड्या कमी, आणि भाव ऐकून घाम फुटतो.

इंजिनाच्या बाबतीत आपण नशीबवान. पेट्रोल पद्मिनीचंही तेच १०८९ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी. म्हणून पिस्टन मागताना ‘डिलाइट’ हा शब्द तोंडातून काढू नका, ‘पद्मिनी’ म्हणा. किंमत तिथेच उतरते. मात्र नुसता व्यास जुळून भागत नाही. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून बघा. पद्मिनीच्याच १३७डी मॉडेलकडे वळूही नका, ते डिझेल आहे.

मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या माझ्या डिफरन्शियलचा हुंकार माहीमपासून दादरपर्यंत ऐकू यायचा. त्यातली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकं जोडीनंच घ्यायची. एक या गाडीचं, दुसरं त्या गाडीचं, असं केलं की आवाज जात नाही. दुकानदार ‘शंभर टक्के लागेल’ म्हणतोच. आपण दोन्हींचे दाते मोजायचे, जुन्याशी जुळले तरच पैसे काढायचे. मला मिळालेली जोडी टॅक्सीची, पण दाते स्वच्छ. शिम म्हणजे पातळ चकत्या लावून बसवली, आता गाडी गप्प आहे.

गिअरबद्दल मात्र माझं गॅरेजवाल्या चाचांशी वाजलं. त्यांना प्रीमियरच्याच नंतरच्या ११८एनई गाडीचं निसान इंजिन, गिअरबॉक्ससकट टाकायचंय. चालतं झकास, कबूल. पण त्यासाठी स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जाणार, फ्लोअर कापणार, आणि आरसी बुकातला इंजिन नंबर बदलणार. २०२१च्या नियमांत पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, तो चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. म्हणून मी जुनाच गिअर ठेवला, दांड्याच्या जोडणीतले झिजलेले बुश तेवढे बदलले, गिअर लोण्यासारखा पडतो. चाचा अजून रुसलेत.

पत्र्याचं सांगायचं तर दरवाजे पद्मिनीचे बसले, बिजागरीत थोडं पॅकिंग द्यावं लागलं. डुक्कर फियाटचे, म्हणजे डिलाइटच्या आधीच्या फियाटचे, पुढचे दरवाजे स्वस्तात दिले तरी घेऊ नका, ते उलटे उघडतात. टॅक्सीचं डावं मडगार्ड घेताना आतून हात फिरवा: जुना मीटर बाहेर तिथेच असायचा, त्याची भोकं पुट्टीनं बुजवलेली असतात. उजवं बहुधा बरं निघतं. मी उजवं टॅक्सीचं घेतलंय. डावं डेंटरकडून माझंच ठोकून घेतोय.

पुढची जाळी तेवढी पद्मिनीची चालत नाही, तोंडवळाच बदलतो. डिलाइटची, क्रोम उडालेली असली तरी न पिचकलेली, कुणाकडे पडून असेल तर कळवा. बदल्यात जुना डायनामो देईन, चालू आहे.