झटका पाहणाऱ्याची साक्ष

अपस्माराचा, म्हणजे फीटचा, मोठा झटका ज्याला येतो, त्याला तो कधीच दिसत नाही. शुद्ध हरपते, आणि भानावर आल्यावर हाती उरते ते ठणकणारे अंग, चावली गेलेली जीभ आणि भोवती जमलेल्या माणसांचे घाबरलेले चेहरे. मधल्या दोन-तीन मिनिटांत काय घडले हे फक्त जवळ असलेल्या माणसाला ठाऊक असते. माझ्या थोरल्या बहिणीला किशोरवयापासून अपस्मार आहे. तिच्या सोबतीने राहताना माझे मत पक्के झाले आहे की, या आजारात औषधाच्या खालोखाल मोल कशाला असेल, तर ते पाहणाऱ्याच्या अचूक साक्षीला.

हे मत भावनेतून आलेले नाही. निदानाची पद्धतच तशी आहे. मेंदूतील चेतापेशींचा एखादा समूह अचानक, प्रमाणाबाहेर आणि एका तालात विद्युत संकेत सोडू लागला की झटका येतो. मेंदूच्या आलेखात, म्हणजे ईईजीमध्ये, या लहरी टिपता येतात. पण तो आलेख बहुधा दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात काढला जातो आणि अपस्मार असूनही तो अगदी सामान्य येऊ शकतो. एमआरआयमध्ये जुनी इजा, गाठ किंवा जन्मजात दोष दिसतो, मात्र अनेक रुग्णांच्या मेंदूत असे काहीही सापडत नाही. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ अहवाल चाळण्याआधी विचारतात की, झटका कोणी पाहिला आणि सुरुवात कशी झाली.

या प्रश्नाच्या उत्तरावर फार काही अवलंबून असते, कारण कोसळणारा आणि हातपाय झाडणारा प्रत्येक माणूस अपस्माराचा रुग्ण नसतो. रक्तदाब एकाएकी घसरून भोवळ येते तेव्हा माणूस आधी पांढराफटक पडतो, त्याला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पडल्यावर त्याच्या हातापायांना काही हिसकेही बसू शकतात, परंतु थोड्याच सेकंदांत तो भानावर येतो आणि फारसा गोंधळलेला नसतो. अशा भोवळीमागे कधी हृदयाच्या लयीतला धोकादायक बिघाड असतो, आणि तिला फीट म्हणून गोळ्या सुरू केल्या तर खरा आजार तसाच राहतो. लहान मुलांना, साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात, तापात येणारी आकडी ही आणखी वेगळी. त्यांतल्या बहुसंख्य मुलांना पुढे अपस्मार होत नाही.

मानसिक ताणाशी किंवा जुन्या आघाताशी अनेकदा जोडलेले, मेंदूत विद्युत उद्रेक नसतानाही येणारे झटके हा या सगळ्यांत सर्वाधिक अन्याय सोसणारा प्रकार आहे. त्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, तर अपस्माराच्या मोठ्या झटक्यात ते बहुधा उघडे असतात. शरीराची हालचाल थांबते, पुन्हा सुरू होते आणि बराच वेळ चालते. हे ढोंग नव्हे. ते झटके रुग्णाच्या ताब्यात नसतात, आणि त्यांवरचा उपचार मानसोपचार हा आहे. चुकीच्या निदानामुळे अशी माणसे वर्षानुवर्षे अपस्माराच्या गोळ्या घेत राहतात, आणि निदान बदलल्यावर घरचे त्यांच्यावरच संशय घेतात, हे मला फार क्रूर वाटते.

ताईच्या बाबतीत मोठा झटका सर्वांनी पाहिला होता, पण त्याहून महत्त्वाची खूण कोणालाच सांगण्याजोगी वाटली नव्हती. सकाळी उठल्यावर तिच्या हातातून वस्तू निसटत असत. हाताला बारीक हिसका बसे आणि कप खाली पडे. जागरणानंतर हे अधिक होई. घरात सगळे तिला धांदरट म्हणत. एका डॉक्टरांनी मुद्दाम सकाळच्या हिसक्यांबद्दल विचारले, आणि मग किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक, म्हणजे स्नायूंना असे अचानक हिसके बसणाऱ्या, अपस्माराचे निदान झाले. हा फरक केवळ नावाचा नव्हता. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर उत्तम काम करणारे कार्बामाझेपिन हे औषध या प्रकारात हिसके वाढवू शकते. उलट, येथे अत्यंत परिणामकारक असलेले व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग आणि बौद्धिक विकासातील अडचणी निर्माण होण्याचा मोठा धोका असतो, त्यामुळे तरुण मुलींसाठी शक्यतो दुसरे औषध निवडतात. इतके सारे निर्णय कप पडण्याच्या एका नोंदीवर येऊन ठेपले होते.

इतिहासाकडे पाहिले तरी लक्षात येते की, निरीक्षण करण्यात माणूस फारसा कमी पडला नाही. तो चुकला अर्थ लावण्यात. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनियन मृत्तिका-पाट्यांत झटक्यांचे तपशीलवार वर्णन आहे, मात्र त्यांमागे भुताखेतांचा हात मानला आहे. चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन करताना स्मृतीचा लोप, अंधारात शिरल्यासारखी अवस्था आणि भयंकर हालचाली ही लक्षणे दिली असून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या काळातील, हिपोक्रॅटिस या प्राचीन वैद्याच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने तर ठामपणे म्हटले की, हा आजार इतर आजारांपेक्षा अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. एवढे स्पष्ट लिहिले गेल्यानंतरही दैवी कोपाची कल्पना पुढे शतकानुशतके टिकली.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. त्यांच्याजवळ ईईजी नव्हता. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला तो १९२४ मध्ये. जॅक्सन यांच्याजवळ होती ती नजर. झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातावर आणि मग चेहऱ्यावर कसा सरकतो हे त्यांनी टिपले, आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या हालचालींना मेंदूत ठरावीक जागा असल्या पाहिजेत असा निष्कर्ष काढला. त्यांच्या पत्नीलाही असे झटके येत असत.

औषधे आली ती संथपणे: १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फिनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन. कायदे मात्र त्याहूनही मागे राहिले. १९३३ च्या नाझी कायद्याने आनुवंशिक अपस्मार असलेल्यांची सक्तीने नसबंदी केली. ब्रिटनमध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या विवाहावरील बंदी १९७० मध्ये उठली, आणि भारतात अपस्मार हा हिंदू विवाह रद्द ठरवण्याचा आधार १९९९ पर्यंत कायद्यात होता. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. हे माहीत असताना कोणी आजार लपवून औषधांवाचून राहावे, याचे मला मनापासून दुःख होते.

झटका येताना जवळ असाल तर प्रथम घड्याळ पाहावे. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवावे, टोकदार वस्तू दूर कराव्यात, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि शक्य होताच माणसाला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत आणि तोंडात काहीही घालू नये, कारण जीभ गिळली जात नाही. चमचा घातला तर दात मात्र तुटतात. काही हुंगवल्याने झटका थांबत नाही, तो आपला आपणच ओसरतो. पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, पाण्यात आला, किंवा आयुष्यातला पहिलाच असला, तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. दरम्यान मान कोणत्या बाजूला वळली, डोळे उघडे होते का, हिसके एका अंगाला सुरू झाले की दोन्ही, हे पाहावे. दुसरे कोणी जवळ असेल तर त्याने रुग्णाचा मान राखून, केवळ डॉक्टरांसाठी, मोबाईलवर चित्रण करावे.

ताईला झटक्यानंतर हे सगळे जसेच्या तसे सांगितलेले हवे असते. "काही नाही गं, जरा चक्कर आली होती," असे कोणी म्हटले तर ती रागावते, कारण तिच्याच आयुष्यातील ती मिनिटे तिच्यापासून दडवली जातात. ती वेळ लिहून ठेवते, आदल्या रात्री झोप किती झाली आणि गोळी चुकली होती का हे पडताळते, आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर नेते.