उभी गाडी जास्त खाते : आमच्या गॅरेजची वाटचाल

इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात, सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकपासून जवळच आमचं गॅरेज आहे. तीन लिफ्ट, एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि मागच्या खोलीत भिंतभर फायलींची कपाटं. १९८० ते २००५ या काळातल्या सुपरकार, त्यातही मुख्यतः फेरारी, सांभाळणं हे आमचं काम. मी मूळची कोल्हापूरची, बी.कॉम. करून हिशेबाच्या कामात शिरलेली. माझे पती इंजिनिअर. त्यांच्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे शाळेच्या सुट्टीतही हातात पाना असायचा. इकडे आल्यावर काही वर्षं त्यांनी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये काम केलं आणि २००५ मध्ये आम्ही स्वतःचं शटर उघडलं. गाड्या ह्यांच्याकडे, कागद आणि पैसा माझ्याकडे, ही वाटणी आजही तशीच आहे.

नातेवाईक असोत की नवे ग्राहक, पहिला प्रश्न एकच असतो : या गाड्यांचे भाव सोन्यासारखे वाढतात म्हणे? वाढतात, हे खरं आहे. पण त्या वाढीचा हिशेब मी आमच्याच बिलांवरून मांडत आले आहे आणि तो लोकांच्या समजुतीपेक्षा बराच वेगळा निघतो.

आमची सुरुवात फेरारी एफ३५५ वर झाली. १९९४ ते १९९९ या वर्षांत बनलेली ही गाडी. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, दर सिलिंडरला पाच याप्रमाणे चाळीस व्हॉल्व्ह, आणि आवाज असा की गॅरेजमधली माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात. नवी असताना ऐंशी-नव्वद हजार पौंडांना जाणारी गाडी आम्ही सुरुवात केली तेव्हा जवळपास निम्म्या किमतीत मिळायची. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी फेरारीचं नाव काढलं नसतं अशांनीही ती घेतली : छोटे बिल्डर, दाताचे डॉक्टर, आयटीतली मंडळी. गाडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिचा खर्च निम्मा होत नाही, हे त्यांना पहिल्या टायमिंग बेल्टला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा रबरी पट्टा बदलताना, कळायचं.

या गाडीत इंजिन सीटच्या पाठीमागे बसवलेलं आहे आणि बेल्ट इंजिनच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे थेट सीटमागच्या भिंतीला चिकटून. हात जाईल एवढीही जागा नाही. म्हणून मागची सबफ्रेम (इंजिन धरणारी चौकट), इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन एकत्र सोडवून खाली टेबलावर घ्यायचं आणि रिकामी बॉडी लिफ्टने वर उचलायची. बेल्टची किंमत या मजुरीपुढे काहीच नाही. पण तो तुटला तर वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. म्हणून गाडी चालो न चालो, तीन ते पाच वर्षांत बेल्ट बदलावाच लागतो, कारण रबर मैलांनी म्हातारं होतं तसं वर्षांनीही होतं. एकदा इंजिन बाहेर आलं की बाकीचं दिसायला लागतं : झिजलेले व्हॉल्व्ह गाइड, तडकलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आवाज करणारं टेन्शनरचं बेअरिंग. आज आमच्याकडे हे सगळं काम नीट करायचं तर पाच-सहा हजार पौंड होतात. व्हॉल्व्ह गाइड झिजलेले निघाले तर त्याहून बरेच जास्त.

फेरारीलाही हे जाणवलं असावं. पुढच्या ३६० या मॉडेलमध्ये सीटमागचं झाकण काढून बेल्टपर्यंत पोहोचता येतं आणि २००४ च्या एफ४३० मध्ये तर बेल्ट जाऊन चेनच आली. त्यामुळे एफ४३० सांभाळायला खूपच सोपी. ती आवडणाऱ्यांना मी नेहमी सांगते की खर्चाचा विचार करत असाल तर हीच घ्या.

त्या काळात बरेच ग्राहक बेल्टचं काम पुढे ढकलायचे. गाडीचा भाव घसरत असताना तिच्यात सहा हजार घालणं कुणालाही जड जातं, हे मी समजू शकते. पण ह्यांचा एक नियम पहिल्यापासून होता : काय करायला हवं होतं आणि ग्राहकाने काय नको म्हटलं, हे दोन्ही बिलावर लिहायचं. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून परत द्यायचा. इंजिन खोललं की फोटो काढायचे, क्लिअरन्सचे, म्हणजे भागांमधल्या फटींचे, आकडे कागदावर घ्यायचे. काही ग्राहकांना हे आवडलं नाही. गाडी विकताना हा कागद आडवा येतो म्हणून एक-दोघांनी आम्हाला सोडलंही. आम्ही नियम सोडला नाही.

मग भाव फिरले. २००८ च्या मंदीनंतर बँकेतलं व्याज तळाला गेलं आणि पैसेवाल्यांनी पैसा वस्तूंमध्ये घालायला सुरुवात केली. त्यात ब्रिटनच्या करकायद्यात खासगी मोटारगाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. गाडी ही झिजत जाणारी वस्तू आहे, असं कायदा मानतो. हिशेबनीस म्हणून सांगते, हा एक मुद्दा अनेकांना गाडीकडे वळवायला पुरेसा होता. २०१३ ते २०१५ च्या दरम्यान आमच्या डोळ्यांसमोर एफ३५५ चे भाव दुप्पट झाले. फेरारीचीच टेस्टारोसा, जिचं बारा सिलिंडरचं आडवं इंजिन उतरवण्याच्या खर्चाला घाबरून लोक पळायचे, ती तर त्याहून पुढे गेली. गिअर हाताने टाकायच्या गाड्यांना वेगळाच भाव आला. लोखंडी जाळीतून गिअर टाकताना येणारा तो खट्ट आवाज नव्या गाड्यांत उरला नाही, म्हणून हाताच्या गिअरची एफ४३० स्वयंचलित क्लचवालीपेक्षा कितीतरी महाग जाते.

असं पहिल्यांदाच झालं असं मात्र नाही. १९८७ मध्ये फेरारीने कंपनीच्या चाळिसाव्या वर्षाची म्हणून एफ४० आणली. एन्झो फेरारींच्या देखरेखीखालची ती शेवटची गाडी. ऑगस्ट १९८८ मध्ये ते गेले आणि सट्टा सुरू झाला. चारशे गाड्या बनवायचं ठरलं होतं, बनल्या तेराशेच्या वर, तरी लोक छापील किमतीच्या कितीतरी पट मोजत होते. १९९० मध्ये शर्यतपटू नायजेल मॅन्सेल यांची एफ४० दहा लाख पौंडांना गेली. मग मंदी आली आणि काही वर्षांतच एफ४० मूळ किमतीच्या आसपास आली. आज ती वीस लाख डॉलरांच्या पुढे आहे. १९९० मध्ये घेतलेल्याने आणि १९९५ मध्ये घेतलेल्याने एकच गाडी घेतली, पण दोघांचं नशीब वेगळं. म्हणून भाव कधी कुठे जाईल यावर आमच्या गॅरेजमध्ये कुणीही सल्ला देत नाही.

खर्चावर मात्र देतो. ही आमच्या एका नेहमीच्या प्रकारच्या ग्राहकाची ढोबळ मांडणी. वर्षाला दोन हजार मैल चालणारी एफ३५५. इन्शुरन्स, वार्षिक सर्व्हिस, टायर आणि ब्रेकची तरतूद, पुढच्या बेल्टसाठी बाजूला ठेवायची रक्कम आणि अधूनमधून निघणारं किरकोळ काम धरून वर्षाला पाच ते सहा हजार पौंड. रुपयांत सहा लाखांच्या घरात. दहा वर्षांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवून पंचेचाळीस हजारांची एक लाखाला विकली, तर पंचावन्न हजार वाढले. आणि जवळपास तेवढेच देखभालीत गेले. म्हणजे त्याला नफा काय झाला? इतकी वर्षं फेरारी जवळजवळ फुकट चालवायला मिळाली. घसाऱ्यापायी साधी नवी कारसुद्धा एवढ्या काळात वीस-पंचवीस हजार खाऊन टाकते, तिथे हा सौदा मला उत्तम वाटतो. पण ज्याने ती चालवलीच नाही, त्याला या सौद्यातून नेमकं काय मिळालं, हे मला कागदावर दाखवता येत नाही.

आणि भाव वाढले तसं लोकांनी चालवणं सोडलं. मैल वाढले की किंमत कमी होईल, खडा उडून काच तडकेल, कुणी घासून जाईल, ही भीती. मग आमच्याकडे येणाऱ्या कामाचं स्वरूपच बदललं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि कॅलिपर आतून गंजतात. पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. ऑइल सील कोरडे पडतात आणि गाडी सुरू केल्याबरोबर गळती सुरू होते. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाणी धरतं. टायरचं तर विचारूच नका. नक्षीची खोली शिल्लक असते, काळेभोर दिसतात आणि बाजूच्या चार आकडी शिक्क्यावर आठवडा आणि वर्ष वाचलं की कळतं, ते बारा वर्षांचे आहेत. ताशी दोनशे मैलांच्या वेगासाठी बनवलेल्या गाडीला असे टायर म्हणजे जिवाशी खेळ. एफ४० मध्ये पेट्रोल रबरी पिशव्यांमध्ये असतं आणि त्या पिशव्या साधारण दहा वर्षांनी बदलाव्याच लागतात, मग गाडी शंभर मैल चालली असो की दहा हजार.

शिवाय वाढलेला भाव स्वतःच खर्च वाढवतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीवर असतो, म्हणजे भाव वाढला की मूल्यांकन पुन्हा, हप्ता पुन्हा. सुट्या भागांच्या किमतीही गाडीच्या किमतीमागे धावतात. जो ब्रॅकेट आम्ही पूर्वी सहज मागवायचो तो आता मिळतच नाही किंवा तिप्पट भावाने मिळतो. इथे ह्यांचं उद्यमनगर कामी आलं. मापं घेऊन लेथवर तसाच भाग बनवायचा, त्यावर आमची खूण आणि तारीख घालायची आणि मूळ भाग डब्यात जपून ठेवायचा. पुढच्या मालकाला काय मूळचं आणि काय बदललेलं हे कळायलाच हवं.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दरवर्षी दसऱ्याला बाहेर निघते आणि शाहू महाराज तिच्यातून दसरा चौकात सीमोल्लंघनाला येतात. काचेच्या पेटीत ठेवली असती तर ती गाडी इतकी वर्षं टिकली असती असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा का होईना, निघायचं ठरलेलं असलं की कुणीतरी बॅटरी बघतं, ऑइल बघतं, टायर बघतं.

२०१६ च्या सुमारास आम्हाला गाड्या नुसत्या ठेवून घेण्याचा धंदा सुचवला गेला. गरम-थंड हवा राखलेलं गोदाम, दरमहा भाडं, काम काही नाही. आकडे फार चांगले होते, मी स्वतः मांडले होते. तरी आम्ही तो अर्धाच घेतला. आमच्याकडे गाडी ठेवायची असेल तर ती महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत रस्त्यावर जाणार, मालकाने न्यावी नाहीतर आमच्या माणसाने, आणि दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणार, ही अट. नुसतं जागेवर इंजिन सुरू करून बंद करणं चालणार नाही, त्याने उलट ऑइलमध्ये ओल साठते. ही अट ऐकून बरेच जण दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांच्या गाड्या एका चावीत सुरू होतात.

मैल वाढले, अपघात झाला म्हणजे किंमत गेली, असं मानणाऱ्यांना मी मिस्टर बीनचं उदाहरण देते. ती भूमिका करणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये मॅक्लारेन एफ१ ही रस्त्यावर चालणारी सुपरकार घेतली, तेव्हा तिची किंमत सहा लाख पौंडांच्या आसपास. अशा गाड्या जगात फक्त १०६ बनल्या. त्यांनी ती मुलांना शाळेत सोडायला आणि बाजारहाटाला वापरली, ४१ हजार मैल चालवली. दोनदा अपघात झाला. २०११ च्या अपघातानंतरचं दुरुस्तीचं बिल नऊ लाख पौंडांवर गेलं आणि ते इन्शुरन्सने भरलं. दुरुस्ती मॅक्लारेननेच केली, सगळं कागदावर. २०१५ मध्ये ती गाडी सुमारे ऐंशी लाख पौंडांना गेली. जवळजवळ न चाललेली एक एफ१ २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात दोन कोटी डॉलरांवर गेली, हेही खरं. न चाललेल्या गाडीला जास्त भाव मिळतो, हे मी नाकारत नाही. पण अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे ४१ हजार मैल आहेत आणि भावही आहे.

आज आमच्या कपाटांतल्या फायली हाच आमचा खरा माल झाला आहे. ज्यांनी तेव्हा त्या नकोशा कागदांसकट गाडी ठेवली, त्यांना विकताना सहज गिऱ्हाईक मिळालं. कोरी फाइल असलेली तशीच गाडी घेणारा आधी इंजिन उतरवण्याचे पैसे वजा करतो आणि मग भाव बोलतो. २०२२-२३ मध्ये व्याजदर चढल्यावर काही मॉडेलचे भाव नरमले, तेव्हा हा फरक आणखी रुंदावला. विकत घेण्याआधी गाडी तपासून द्या म्हणून येणारे फोन आता दुरुस्तीच्या फोनांइतकेच असतात.

माणसांचा प्रश्न मात्र कठीण आहे. लॅपटॉप जोडून दोष वाचणारी मुलं मिळतात. टेस्टारोसाचं यांत्रिक इंधन इंजेक्शन कानाने आणि प्रेशर गेजने लावणारी मिळत नाहीत. सध्या आमच्याकडे दोन शिकाऊ आहेत, एक इथलीच मुलगी आणि एक इचलकरंजीचा मुलगा. ह्यांनी त्यांना पहिलं वर्ष फक्त खोलायला, मापायला आणि लिहायला लावलं. खंडेनवमीला आम्ही लेथची आणि पान्यांची पूजा करतो, तेव्हा त्या मुलीने स्वतःहून आपली टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, ताटाशेजारी आणून ठेवली. या हिवाळ्यात एका पिवळ्या एफ३५५ चं इंजिन ती पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर उतरवणार आहे. मालकाला हे कळवलं आहे आणि त्यांची हरकत नाही. बिल मी नेहमीप्रमाणेच करणार, फक्त काम करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव असेल.