रिलीफ व्हॉल्व्हचा धक्का आणि तीन आठवडे अडलेला आकडा

वाफेच्या हेडरवर (मुख्य पाइपवर) दाब वाढला की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजेच रिलीफ व्हॉल्व्ह होता; त्याची वाफ उघड्यावर सोडायची होती. मांडणी, पाइपचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग, मॉडेल सगळं चार दिवसांत उरकलं. पुढचे तीन आठवडे एका आकड्याने खाल्ले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

व्हॉल्व्ह उडाला की वाफ वर सुटते आणि पाइपला खाली रेटते. हा रेटा काढायला प्रवाह हवा. व्हॉल्व्हच्या डेटाशीटवर (माहितीपत्रकावर) तासाला १२,००० किलो होते. ते धरून सुमारे १,७४० न्यूटन आले. तपासणीतून कागद परत. १२,००० ही प्रक्रियेची गरज आहे, पण उघडलेला व्हॉल्व्ह गरज बघत नाही, ऑरिफिसमधून (आतल्या भोकातून) जाईल तेवढी वाफ सोडतो. शिक्क्यावरची, म्हणजे व्हॉल्व्हच्या नेमप्लेटवर कोरलेली क्षमता आणा, तपासणारे म्हणाले. बरोबरच होतं.

पण ती मिळेना. पुरवठादाराला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तीच जुनी डेटाशीट आली. दर आठवड्याच्या बैठकीत मी तेच सांगत होतो: आकडा आला नाही. शेवटी लक्षात आलं, व्हॉल्व्ह तर बनून तयार आहे! नेमप्लेटचा फोटो मागितला, दुसऱ्या दिवशी आला. १८,००० किलो. तुम्ही पहिल्याच पत्रात फोटो मागा.

शिक्क्यावरचा आकडा मोजलेल्या क्षमतेच्या ९० टक्के असतो, म्हणून एएसएमई बी३१.१ हे पाइपिंगचं अमेरिकी मानक त्याला १.११ ने गुणायला सांगते. झाले जवळपास २०,०००. वेगाचा रेटा २,९०० न्यूटन, सहा इंची पाइपच्या तोंडाशी उरलेल्या दाबाचे आणखी ३५०. व्हॉल्व्ह झटक्यात उघडतो, त्यासाठीचा गुणक १.१ ते २ असतो. वेगळं विश्लेषण केलं नसेल तर २ धरा. मी पहिल्या हिशेबात तो धरलाच नव्हता. दोन्ही रेट्यांच्या बेरजेची दुप्पट, एकूण ६,५०० न्यूटन, आणि उभा पाइप व्हॉल्व्हच्या मध्यापासून ६०० मिलिमीटर बाजूला, म्हणजे इनलेट नोझलवर (व्हॉल्व्ह हेडरला जोडणाऱ्या तोंडावर) ३.९ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर. जुन्या आकड्यावर सपोर्ट बसला असता तर? नुसत्या विचाराने धस्स होतं.

सपोर्ट जमिनीवरून घेऊ नका. हेडर तापून सरकतो, जमीन सरकत नाही, आणि तो ताण व्हॉल्व्हवर येतो. आम्ही हेडरवरूनच घेतला.

आधी सांगायचं राहिलं: हे सगळं उघड्या तोंडाच्या पाइपचं. बंद फ्लेअर लाइनमध्ये (सुटलेला वायू जाळायला नेणाऱ्या पाइपमध्ये) प्रवाह स्थिरावल्यावर एल्बोंवरचे (पाइपच्या वळणांवरचे) जोर बऱ्याच अंशी एकमेकांना तोलतात. तिथे उघडतानाचा क्षण तपासा.