तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्याची कड मशीनवर की हाताने?

दुकानात ओट्याचा ग्रॅनाइट बघायला आलेली बहुतेक मंडळी रंग ठरला, भावाची घासाघीस झाली की निघता निघता हे विचारतातच, "ताई, कडेची पॉलिश मशीनवर करून देणार का साइटवर माणूस येणार? आणि मशीनचे पैसे जास्त का?" काउंटरवर गर्दी असली की मी "मशीनवरचं चांगलं" म्हणून मोकळी होते. पण उत्तर तेवढं सरळ नाहीये.

आधी ही चमक येते कुठून ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं वरून काहीतरी लावतात. (लावणारे लावतात पण, त्यांच्यावर येतेच.) खरी पॉलिश म्हणजे दगडावरचे ओरखडे बारीक करत करत इतके बारीक करायचे की उजेड विखुरायचाच थांबतो आणि सरळ परत फिरतो. कटरने कापलेली काळ्या ग्रॅनाइटची कड राखाडी, पांढुरकी दिसते ती याच कारणाने, दगड आतून काळाच असतो पण खडबडीत भागावर उजेड दाही दिशांना पांगतो. त्यावर पाणी टाका, लगेच काळाकुळकुळीत, कारण खाचा पाण्याने भरल्या. म्हणून कारागीर ओलं फडकं फिरवून "बघा मॅडम, झालं" म्हणाला तर घाई करू नका, वाळू दे, मग बघा.

आता नंबर. पॅड म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या घासायच्या चकत्या, नंबर जितका मोठा तितका कण बारीक. त्या ५० पासून सुरू होतात, मग १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० आणि शेवटी बफ, म्हणजे चमक आणायची शेवटची चकती. ५० नंबरचा हिऱ्याचा कण साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, ३००० चा काही मायक्रॉनचा. प्रत्येक नंबरचं काम एकच, आधीच्या नंबरने पाडलेले ओरखडे काढायचे आणि स्वतःचे त्याहून बारीक पाडायचे. मधला २०० आणि ४०० गाळला तर ८०० च्या पॅडला १०० चे खोल ओरखडे निघतच नाहीत, तो फक्त वरचे उंचवटे चमकवतो, लांबून झकास दिसतं आणि ओट्यावरचा दिवा लावला की तिरप्या उजेडात रेघाच रेघा. बफवर कितीही वेळ घालवा, फायदा नाही. साइटवर हेच होतं. कारागिराला काम येत नाही असं अजिबात नाही, आमच्याकडचे राजस्थानी मिस्त्री हाताने अशी कड काढतात की मशीनने लाजावं, पण त्यांना पैसे रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर मिळतात आणि संध्याकाळी दुसरी साइट गाठायची असते, मग मधले नंबर गळतात.

मशीनवर स्लॅब पट्ट्यावर आडवा ठेवतात, कड बाहेर काढून, आणि पट्टा त्याला एकामागोमाग एक फिरणाऱ्या डोक्यांसमोरून नेतो. आपण हेडच म्हणतो. पहिल्या हेडवर मेटलची चाकं (हिऱ्याचे कण धातूत बसवलेली), ती कटरच्या रेघा खातात, मग रेझिनची (कण राळेत बसवलेली, जरा मऊ), शेवटी बफ, प्रत्येक हेड हवेच्या दाबाने कडेवर टेकलेलं आणि प्रत्येकावर पाण्याची धार. तुकडा संपत आला की हेड आपोआप मागे सरतं, नाहीतर कोपरा गोल होऊन बसेल. कडेच्या वरच्या आणि खालच्या टोकदार धारेला बारीक तिरका छाट द्यायला वेगळ्या मोटरी असतात, नाहीतर तिथले टवके उडतात. म्हणजे मशीनचा खरा गुण एवढाच की ते कंटाळत नाही, नंबर गाळत नाही, आणि दहा फुटांवर दाब तोच ठेवतं म्हणून कड लाटेसारखी होत नाही.

पण मशीनवरही नंबर गळतो बरं का, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. मधल्या एखाद्या हेडचं चाक झिजलं आणि बदललं नाही तर तो नंबर नसल्यातच जमा, पट्टा मात्र चालूच. आणि पट्ट्याचा वेग मालकाच्या हातात. ऑर्डरी साचल्या की वेग वाढतो, प्रत्येक चाकाला मिळणारा वेळ कमी होतो आणि चमक उतरते. त्यामुळे "मशीनवर केलंय" ही काही गॅरंटी नाही, आमच्याकडची सुद्धा नाही, कड डोळ्यांनी बघूनच घ्या.

बघायची कशी? चमक मोजायचं ग्लॉस मीटर असतं, ६० अंशात उजेड सोडून परत किती आला ते मोजतं, ठरावीक काळ्या काचेला १०० धरून. पण ते स्लॅबच्या वरच्या सपाट भागावर, १८ मिलिमीटरच्या गोल कडेवर ते बसणार कसं! ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ आणि कडा स्पष्ट असेल तर काम चांगलं, वाकडीतिकडी असेल तर हात हललाय, धुरकट असेल तर नंबर गळलाय. आणि फडक्यावर थोडं थिनर घेऊन एका कोपऱ्यात चोळा. चमक फडक्यावर आली तर ते मेण होतं, भांडी घासायच्या पाण्याने काही दिवसांत जाईल.

दगडाचाही दोष असतो. मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटमधला अभ्रक पॉलिश घेत नाही, तिथे बारीक खड्डे राहणारच, त्यावरून मिस्त्रीशी भांडू नका. मार्बल मऊ, लवकर चमकतो, पण लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की चमक खाल्ली जाते. मी किचनला मार्बल नकोच म्हणते, ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आणि धूळ. साइटवर बाल्कनीत कोरडा ग्राइंडर चालतो तो पांढरा धूर नुसता कचरा नसतो, ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कारखान्यात बनलेल्या क्वार्ट्झ स्लॅबमध्ये तर सिलिका खूपच जास्त, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. मशीनवर सगळं पाण्यात होतं, धुळीचा गाळ होऊन टाकीत बसतो. मला विचाराल तर जास्तीचे पैसे द्यायला हे एकच कारण पुरे आहे.

तरी सगळं मशीनवर होत नाही. साधं मशीन सरळ रेघेतच चालतं, सिंकच्या भोकाची आतली कड आणि एल ओट्याचा आतला कोपरा हातानेच करावा लागतो, त्या कामाला चांगला माणूस मागून घ्या. आणि भिंती काटकोनात नसतील (जुन्या घरांत नसतातच, नव्या टॉवरमध्येही असतील याची खात्री नाही) तर पुढची दिसणारी कड मशीनवर करून आणायची, भिंतीकडची बाजू दोन बोटं जास्त ठेवायची आणि ती साइटवर भिंतीप्रमाणे कापायची, ती टाइल्सखाली जाते, तिला पॉलिश नको. त्याचे पैसेही देऊ नका, काही जण चारही बाजूंचे फूट मोजून लावतात.